खोट्याची मालकीण

शिवकन्या बिराजदार आणि मी औशाच्या एकाच शाळेत शिकवतो. ती विज्ञान, मी मराठी. तिचा राग मी ओळखून आहे. रागावली की ती हळू बोलायला लागते, आणखी रागावली की बोलायचंच थांबते. वर्गातली पोरं तिच्या ओरडण्याला कधी भीत नाहीत, पण ती गप्प झाली की सगळी बाकं सरळ होतात. मागच्या वर्षी ती अशीच गप्प झाली होती, आणि त्या गप्प बसण्यातून जे झालं ते लातूरपासून देवणीपर्यंत गाजलं.

तिच्या वडिलांची, शंकरप्पांची, बसस्टँडच्या मागं पिठाची गिरणी होती. शिक्षण सातवीपर्यंतच, पण प्रश्न विचारायची भारी खोड. शेवटच्या आजारात गिरणी तिच्या धाकट्या भावाकडं गेली आणि आप्पा पलंगाला खिळले. करमेना झालं की लेकीला मोबाइलवर आवाज भरून पाठवायचे. एकदा मधल्या सुट्टीत तिनं मला ऐकवलं.

"पोरी, जन्म गेला दळण्यात, पण पीठ गरम कामून निघतंय गं? आपून तर खाली जाळ लावत न्हाई."

शिवकन्यानं तिथंच, डब्यावर झाकण ठेवून, त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं. "आप्पा, दोन्ही तळहात एकमेकांवर घासून बघा. ऊब आली का? गिरणीतले दगड तसेच घासत्यात, आन् मधी गहू सापडतोय. मोटारीचा जोर घासण्यात जातोय, त्याचीच ऊब पिठात उतरतीय."

आप्पांनी ते उत्तर दळणाला येणाऱ्या ओळखीच्या सगळ्या बायकांना पाठवलं. मग त्या बायकांचे प्रश्न यायला लागले. हातपंपाचं पाणी हिवाळ्यात कोमट कामून लागतंय? शेळीचे डोळे अंधारात कामून चमकत्यात? प्रश्न वाढले तसा तिनं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'कामून?' बघता बघता त्यात उमरीची माणसं आली, निलंग्याची आली, देवणीकडची आली. ती रोज एक प्रश्न घ्यायची आणि तिच्या औशाच्या बोलीत, चूल, विहीर, गोठा यांतलीच उदाहरणं देऊन उत्तर द्यायची.

देवणीजवळच्या एका गावातली लक्ष्मम्मा ही त्या ग्रुपातली सगळ्यांत चिवट बाई. वय झालेलं, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लेकानं जुना मोबाइल दिला होता आणि आवाज भरून पाठवायला शिकवलं होतं. लक्ष्मम्मा नुसतं ऐकून सोडायची नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही कारण त्या पाण्यात क्षार असतात, असं शिवकन्यानं सांगितलं, तर तिनं पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी एका पातेल्यात आणि बोअरचं दुसऱ्यात घेऊन दोन्हीकडं डाळ लावली. मग निरोप आला, "बाई, करून बघितले. तुमचं खरं निघालं."

शिवकन्याला त्या निरोपाचा जेवढा आनंद व्हायचा, तेवढा मुलांच्या मार्कांचाही व्हायचा नाही.

आता विरूपाक्ष सरांकडं येते. ते आणि शिवकन्या लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एका वर्गात होते. पुढं त्यांनी क्लासेस काढले. बघता बघता चौकाचौकात त्यांचे फोटो लागले, हाताची घडी घातलेले. त्यांनी 'कामून?'बद्दल कुणाकडून तरी ऐकलं आणि तिला बोलावून घेतलं. एकटी कशाला जाऊ म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली.

सर फार गोड बोलले. चहा, बिस्किटं, एसी. दोन-तीन क्लिपा ऐकून म्हणाले, "शिवकन्या, हे सोनं आहे. पण हे 'कामून', 'लई', 'हाय'... लातूरच्या पालकांना हे चालत नाही गं. शुद्ध भाषेत आणावं लागेल. तुझ्याच्यानं होईल का?"

"पुनम मराठी शिकवते. ती बघेल की," ती माझ्याकडं हात करून म्हणाली.

"बघू. सगळ्या क्लिपा आमच्या ऑफिसात ठेवून जा. निवांत ऐकतो."

तिनं ठेवल्या. आप्पांनी विचारलेले प्रश्नही त्यातच होते, त्यांच्याच आवाजातले. त्यानंतर सरांचा फोन आला नाही. दिवाळीच्या आधी आप्पा गेले आणि ती बाकीचं सगळं विसरली.

संक्रांतीच्या सुमाराला विरूपाक्ष सरांची 'का बरे?' नावाची मालिका मोबाइलवर सुरू झाली. दहावीतल्या एका पोरीनं कौतुकानं शिवकन्याला दाखवली. मी शेजारीच बसले होते. पडद्यावर सर सूट घालून उभे. समोर बसलेली मुलं. आणि सर सांगत होते, "एकदा एका अडाणी गिरणीवाल्यानं मला विचारलं..." इथं त्यांनी मान वाकडी केली, तोंड वेडंवाकडं केलं आणि आवाज काढला, "सायेब, पीठ गरम कामून निघतंय? आपून तर खाली जाळ लावत न्हाई!" मुलं खदाखदा हसली. मग सर सरळ झाले आणि शुद्ध भाषेत घर्षण समजावून सांगायला लागले. तळहात घासायचं उदाहरणही तेच.

तिची बोली उत्तरासाठी चालत नव्हती. तिच्या बापाची नक्कल करायला मात्र चालली होती.

शिवकन्यानं पोरीचा मोबाइल शांतपणे परत दिला. "छान हाय," म्हणाली, अगदी हळू.

त्या शनिवारी आम्ही परत लातूरला गेलो. ह्या वेळी चहा आला नाही.

"ते गिरणीवाले माझे आप्पा होते," ती म्हणाली.

सर जरा चपापले. "मी नाव कुठं घेतलं?"

"उत्तरंबी माझी हायत. शब्दाला शब्द."

"तुझी?" ते हसले. "घर्षण तू शोधलंस? बाष्पीभवन काय तुझ्या बापाचं आहे? विज्ञान सगळ्यांचं असतं, शिवकन्या. खरी गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. हां, आता पुस्तक काढतोय, त्यात आभारांमध्ये कुठंतरी नाव टाकता येईल."

"नको," ती म्हणाली. ते मला जेमतेम ऐकू आलं.

औशाच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर हरभरा काढलेली रानं उघडी पडली होती, काळी माती वाळून तडकायला लागली होती. बराच वेळ ती त्या मातीकडं बघत होती. मग म्हणाली, "पुनम, तो म्हणला ते बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"खरं कुणाच्या मालकीचं नसतंय. खोटं मात्र ज्यानं रचलं त्याचंच असतंय."

त्या वेळी मला कळलं नाही. आठवड्यानं ग्रुपवर तिची नवी क्लिप आली तेव्हाही कळलं नाही. तीत ती सांगत होती, "काळ्या रानातल्या भेगा नीट बघा. मोठ्या भेगा उत्तर-दक्षिणच जात्यात. कामून? आपली काळी माती म्हणजे झिजलेला काळा दगड. त्यात लोखंड असतंय. आन् पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक. माती वाळताना लोखंडाचे कण उत्तर-दक्षिण ओढले जात्यात, म्हणून भेगबी तशीच फाटती."

मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तिला म्हणाले, "हे मला ठाऊकच नव्हतं गं."

"मलाबी न्हवतं," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. सरांच्या क्लासमधलं कुणीतरी ग्रुपात आहे हे तिनं हेरलं होतं, कारण तिची नवी उत्तरंसुद्धा लगोलग 'का बरे?'मध्ये उमटत होती. म्हणून तिनं बसून एक उत्तर रचलं होतं. लोखंड खरं, चुंबक खरं, काळा दगड खरा. फक्त भेगा खोट्या.

"पण आपली माणसं?" मी विचारलं. "त्यांनाही खोटंच गेलं की."

"भेगेच्या दिशेनं कुणाचं पीक जळत न्हाई. त्याला गळाला लागू दे, मग खरं सांगून टाकीन."

संध्याकाळी लक्ष्मम्माचा निरोप ग्रुपवर आला. "बाई, आत्ताच रानातून आले. भेगा चारी अंगानं हायत्या. कोळ्याच्या जाळ्यावानी. उत्तर-दक्षिण कुटं दिसत न्हाईत. तुमी चुकलाव का?"

शिवकन्यानं तो निरोप माझ्यासमोर ऐकला. सगळ्यांच्या देखत विचारलेला प्रश्न, त्याचं उत्तरही सगळ्यांच्या देखत द्यायला हवं. लक्ष्मम्माचं बरोबर आहे असं म्हटलं असतं, तर ते लातूरलाही ऐकू गेलं असतं.

"सांगून टाक," मी म्हणाले.

तिनं अंगठा मोबाइलवर दाबून धरला. मग बोलली, "अव्वा, बारक्या भेगा चहूकडं जात्यात. मोठ्या बघा. सकाळच्या उन्हात, नीट उभं राहून बघा. दिसतील."

दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. म्हातारीचा आवाज उतरलेला होता. "बाई, परत बघितले. आदी दिसलंच न्हाई मला. आता दिसलालंय. उत्तर-दक्षिणच हायत्या. तुमचंच खरं. म्हातारपणी डोळ्याला काय दिसतंय."

शिवकन्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि अर्धा डबा तसाच झाकून टाकला.

"आता तरी," मी म्हणाले.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यानं अजून गिळलं न्हाई."

त्यानं गिळलं, आणि चांगलं आतपर्यंत गिळलं. होळीनंतर 'का बरे?'मध्ये भेगांचा भाग आला. मागं होकायंत्राचं चित्र फिरत होतं आणि सर सांगत होते की हे निरीक्षण त्यांनी स्वतः औसा तालुक्यातल्या शेताशेतांतून फिरून केलं आहे. शिवकन्या ते बघताना पहिल्यांदा हसली. ते हसू मला आवडलं नाही, हेही सांगते. एप्रिल महिन्यात, नव्या प्रवेशांच्या तोंडावर, लातुरात त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन ठरलं. निमंत्रण पत्रिकेवर लिहिलं होतं: 'मराठवाड्याच्या मातीवरील मूळ संशोधनासह'.

शिवकन्या त्या दिवशी ठेवणीतली इरकल नेसली. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसलो. सभागृह पालकांनी आणि मुलांनी भरलेलं होतं. पाहुणे म्हणून शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक होते. त्यांचं सगळं आयुष्य माती शिकवण्यात गेलेलं. त्यांनी पुस्तक चाळलं होतं. भाषण संपवता संपवता ते फार सभ्यपणे म्हणाले, "भेगांचं प्रकरण मला नवीन आहे. सर, दिशा मोजली कशी?"

"होकायंत्र घेऊन. मी स्वतः," विरूपाक्ष सर म्हणाले. "दोन उन्हाळे."

प्राध्यापकांनी मान हलवली आणि ते खाली बसले. मग निवेदकानं श्रोत्यांना प्रश्न विचारा म्हटलं आणि शिवकन्यानं हात वर केला. माइक तिच्याकडं येईपर्यंत सरांना ती दिसली नव्हती. दिसली तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, आली समेटाला.

"सर, मी औशाची. ही भेगांची गोष्ट तुमाला कुणी सांगितली, का तुमचीच?"

"शंभर टक्के माझी."

"कुणाचं ऐकून घेतलेली न्हाई?"

"सांगितलं ना, स्वतः शेतात उभं राहून पाहिलेली."

तिनं मोबाइल माइकला लावला. सभागृहभर तिचाच आवाज घुमला. काळा दगड, लोखंड, लोहचुंबक, उत्तर-दक्षिण. सरांच्या भागाच्या कितीतरी आधीची तारीख तिनं वाचून दाखवली.

"हे उत्तर माझं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट सगळ्यांना कान द्यावे लागले. "आन् हे साफ खोटं हाय. काळी माती ओली झाली की फुगती, वाळली की आकसती, ताण बसला की फाटती. चहूकडं. उन्हाळ्यात कुठल्याबी काळ्या रानात एकदा पाय टाकला असता तरी दिसलं असतं. सर, तुमी म्हणला होता, खरी गोष्ट कुणाच्या मालकीची नसती. कबूल. पण हे खोटं मी घरी बसून रचलंय. ते माझ्या मालकीचं हाय. ते तेवढं मला परत द्या."

मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू पुढं पुढं सरकत गेलं. मंचावरच्या प्राध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला. विरूपाक्ष सर काहीतरी बोलू लागले, पण निवेदकानं गडबडीत त्यांचाच माइक बंद केला होता.

"आन् ते अडाणी गिरणीवाले," शिवकन्या म्हणाली, "शंकरप्पा बिराजदार. त्यांनी प्रश्न तुमाला विचारला न्हवता. मला विचारला होता."

हा सगळा प्रकार पोरांनी मोबाइलवर घेतला होता. आम्ही औशाला पोहोचायच्या आत तो औशाला पोहोचला. पुस्तक दुकानांतून परत गेलं. 'का बरे?' बंद पडलं. क्लासच्या जिन्यात पोरं एकमेकांना "उत्तर-दक्षिण!" म्हणून हाका मारायची आणि सर आले की गप्प व्हायची. काही पालकांनी मुलं काढून दुसरीकडं घातली.

सरांचा फोन आला तेव्हा आमची पेपरतपासणी चालली होती. तिनं स्पीकर लावला.

"तू मुद्दाम खोटं पसरवलंस. शिक्षिका ना तू? लाज नाही वाटली?"

"तुमच्या बाबतीत? न्हाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिनं डबा पूर्ण खाल्ला, वर माझ्यातली अर्धी भाकरी घेतली. कित्येक महिन्यांनी तिला अशी भूक लागलेली मी बघत होते.

ग्रुपवर तिनं सगळं खरं सांगितलं होतं. लोकांना गंमत वाटली. हसण्याची चित्रं आली, शाबासक्या आल्या. लक्ष्मम्माकडून काहीच आलं नाही. शिवकन्यानं फोन लावला तर तिचा लेक नरसिंग बोलला.

"आई बोलत न्हाई म्हणलालीया."

"का बरं?"

"बाई, आता काय सांगू. मी म्हणलो होतो तिला, भेगा चहूकडंच असत्यात. तर दहा माणसांत माज्यावर धावून आली. बाईंपेक्षा तू शाना झालास का म्हणली. भावकीत लई बोलाबोली झाली. आता तीच भावकी तिला उत्तर-दक्षिण म्हणून चिडवलालीया."

स्पीकरवरचा तो आवाज बंद झाल्यावर शिवकन्या म्हणाली, "पुनम, देवणीला जायचं."

दोन बस बदलून, मग रिक्षानं आम्ही त्या गावात पोहोचलो. ऊन रणरणत होतं. लक्ष्मम्मा दारातच होती. बारीक, ताठ, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. शिवकन्या पाया पडायला वाकली तर पाय मागं घेतले.

"चला रानात," म्हणाली.

रानात चार-पाच बायका धसकटं वेचत होत्या. लक्ष्मम्मानं त्यांना हाक मारून जवळ बोलावलं. मग शिवकन्याला बांधावरून खाली उतरवलं, मधोमध उभं केलं.

"आता बघा. काय दिसतंय?"

"भेगा चहूकडं हायत, अव्वा."

"ह्या बायांना ऐकू आलं न्हाई."

"चहूकडं हायत," शिवकन्या मोठ्यानं म्हणाली. "तुमी बघितलेलं खरं होतं. मी खोटं सांगितलं."

"आता ते मोबाइलात बोला. मी इथं उभी हाय तवर."

तिनं तिथंच उन्हात उभं राहून आवाज भरला आणि ग्रुपवर पाठवला. बायका आ वासून बघत होत्या. एक तोंडाला पदर लावून हसली.

मग लक्ष्मम्मा तिच्याजवळ गेली. "त्या माणसाला हाणलात, बरं केलात. बापाची टिंगल केल्यावर मीबी हाणले असते. पण त्याला हाणायची काठी माज्या डोळ्यात कामून घातलात?"

शिवकन्या भेगांकडं बघत उभी राहिली. लक्ष्मम्मानं उत्तराची वाट बघितली नाही. "जावा आता. तुमची बस चुकंल," म्हणाली आणि धसकटं वेचायला लागली.

त्यानंतर ग्रुप बराच आटला. जे राहिले ते प्रत्येक उत्तराखाली विचारायचे, "बाई, हे खरंखुरं हाय, का कुणासाठी रचलेलं?" लक्ष्मम्मा ग्रुप सोडून गेली नाही. प्रश्न मात्र विचारेनाशी झाली. शिवकन्याच्या उत्तराखाली तिचा एकेका शब्दाचा निरोप येतो. "बघते." चार-सहा दिवस गेले की, "खरं." बस, एवढंच.

मध्यंतरी कुणीतरी विचारलं, कोंबडं पहाटे कामून आरवतंय? शिवकन्यानं सांगितलं की उजेडाची चाहूल लागते म्हणून. लक्ष्मम्मानं "बघते" म्हटलं. काही दिवसांनी एका सकाळी तिचा निरोप आला. त्यात आधी कोंबड्याचं आरवणं, घुसमटल्यासारखं, मग तिचा आवाज. "डालग्यात घालून, वर पोतं टाकून, अंधाऱ्या खोलीत ठेवले होते. उजेडाचा थेंब न्हाई. तरी टायमाला आरवलं. खोटं." मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

शिवकन्यानं पुस्तकं काढली, शोधलं. कोंबड्याच्या अंगातच एक घड्याळ असतं आणि उजेड नसला तरी ते चालत राहतं. तिनं ग्रुपवर कबूल केलं, लक्ष्मम्माचं नाव घेऊन.

"म्हातारी सूड घ्यायलीया माझा," ती मला म्हणाली. आम्ही शाळेतून चालत घरी निघालो होतो.

"आणि तुला? त्या विरूपाक्षाला फसवल्याचं काही वाटतं?"

ती हळू बोलेल म्हणून मी कान पुढं केला, पण ती नेहमीच्या आवाजात, खणखणीत बोलली. "परत तसंच करीन, लगेच. फक्त ह्या वेळी खोटं त्याच्या एकट्याच्याच कानात घालीन."